'अमेरिकेचा' करंडक की 'अमेरिकाचा'?

प्रश्न असा आहे: शिडाच्या नौकांच्या 'अमेरिकाज कप' या प्रसिद्ध शर्यतीला मराठीत 'अमेरिकेचा करंडक' म्हटलं तर चुकलं का?

माझ्या मते चुकलं. करंडक देशाच्या नावाचा नाहीच, नौकेच्या नावाचा आहे. जॉन कॉक्स स्टीव्हन्स आणि त्याच्या न्यूयॉर्ककर दोस्तांनी १८५१ साली दोन डोलकाठ्यांची एक स्कूनर बांधून घेतली. आराखडा जॉर्ज स्टीअर्सचा, नाव 'अमेरिका'. अटलांटिक ओलांडून ती इंग्लंडला गेली आणि २२ ऑगस्टला आइल ऑफ वाइट बेटाला वळसा घालायच्या शर्यतीत तिनं यजमानांच्या झाडून सगळ्या नौका मागं टाकल्या. तिची शिडं यंत्रावर विणलेल्या सुती कापडाची, वाऱ्यात सपाट राहणारी. इंग्रजांची जवसाच्या धाग्याची, पोत्यासारखी फुगणारी. जिंकलेला करंडक मालकांनी १८५७ मध्ये न्यूयॉर्क यॉट क्लबला दिला आणि त्याला या नौकेचंच नाव चिकटलं.

आता व्याकरण. आशेचा किरण, पण आशाचा नवरा. गंगेचं पाणी, पण शेजारच्या गंगाचा डबा. आकारान्त स्त्रीलिंगी शब्द माणसाचं नाव झाला की आपण त्याचा 'आ' सहसा मोडत नाही. (पुराणातल्या बायकांना ही सूट नाही: सीतेचं हरण, राधेचा कृष्ण. ओळखीतली राधा असली तर मात्र राधाचा भाऊ.) नौकेचं नाव मला या माणसांच्या रांगेतलं वाटतं. म्हणून अमेरिकेची राज्यघटना, पण 'अमेरिका'च्या मागं कललेल्या डोलकाठ्या.

प्रत्ययच नको असेल तर रणजी करंडकासारखं 'अमेरिका' करंडक लिहावं. 'करंडक' शब्दाबद्दल तक्रार करायची तर करता येईल: करंड्याला बूड असतं, आणि ही चांदीची सुरई चक्क बिनबुडाची आहे! पण मग 'कप' तरी कुठे बरोबर आहे?

अवतरणचिन्हं मात्र गाळू नका. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६२ मध्ये, दक्षिणेच्या लोकांनी ही नौका फ्लोरिडात मुद्दाम बुडवली होती; उत्तरेच्या नौदलानं ती वर काढली. पुढे १९४२ मध्ये अ‍ॅनापोलिसला बर्फाच्या भारानं शेडचं छप्पर तिच्यावर कोसळलं. 'अमेरिका १९४५ मध्ये मोडीत काढली' हे वाक्य चिन्हांशिवाय वाचून बघा.