दुर्बीण भलतीकडेच वळते! : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार ताई, भाच्याने अमेरिकेतून येताना त्याची नेक्सस्टार 130 एसएलटी ही कॉम्प्युटरच्या हिशोबाने स्वतः वळणारी दुर्बीण माझ्यासाठी आणली. गच्चीवर लावली, ऑटो टू-स्टार अलाइनमेंट (दोन तारे दाखवून दुर्बिणीला आकाश ओळखायला लावणं) घेतलं, पहिला तारा मी नीट मध्ये आणते, पण दुसऱ्या ताऱ्याकडे दुर्बीण स्वतः वळते ती थेट शेजारच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीकडे. मग मी जवळपासचा कुठलातरी तारा धरते आणि शेवटी 'अलाइन फेल्ड' येतं. मोटर बिघडलीय का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मोटर बहुतेक ठणठणीत आहे, तिला खोलू नका आणि कोणाला खोलू देऊ पण नका. दुर्बीण अजून अमेरिकेतच आहे असं समजतेय एवढंच झालंय. या दुर्बिणीला आकाश दिसत नाही, हँडसेटमध्ये म्हणजे तिच्या बटणांच्या रिमोटमध्ये तुम्ही जी तारीख, वेळ आणि जागा भरता त्यावरून ती हिशोब करते की आत्ता अमुक तारा कुठे असायला पाहिजे. आकाश दर 4 मिनिटांनी साधारण 1 अंश सरकतं, म्हणजे वेळेत एका तासाची चूक असेल तर सरळ 15 अंशांचा फरक, आणि 15 अंशांत टाकी काय अख्खी बिल्डिंग येते.

आता एकेक करून बघा. आधी डेलाइट सेव्हिंग, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करणं. भाच्याकडे उन्हाळ्यात ते चालू असणार, आपल्याकडे हा प्रकारच नाही, तर तिथे 'स्टँडर्ड' ठेवा. टाइम झोन +5:30. काही हँडसेटच्या यादीत अर्ध्या तासाचा झोन सापडत नाही, तसं असेल तर 'युनिव्हर्सल' निवडा आणि वेळ भरताना आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करा, रात्रीचे 8 असतील तर 14:30. मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंत असं करताना तारीख पण आदल्या दिवसाची टाकायची हे विसरू नका, इथे भलेभले गडबडतात.

तारीख अमेरिकन पद्धतीने आहे, आधी महिना मग दिवस. 5 डिसेंबरला तुम्ही 05/12 टाकलं की ती 12 मे धरून बसते. ओळखायची सोपी खूण सांगते, डिसेंबरमध्ये रात्री आठ वाजता हँडसेटच्या यादीत आर्क्टुरस आणि स्पायका म्हणजे आपले स्वाती आणि चित्रा दिसले तर तारीख चुकलीच आहे, कारण तेव्हा ते दोघं क्षितिजाखाली असतात.

आणि जागा. रेखांशापुढे पश्चिमेचा डब्ल्यू राहिलेला असेल, तो ई करा. मोबाइलच्या नकाशावर नाशिकचं रेखांश 73.78 असं दिसतं आणि लोक हँडसेटमध्ये तसंच 73 अंश 78 मिनिटं भरायला जातात. तो दशांश आहे, मिनिटं नाहीत! 0.78 ला 60 ने गुणा, 47 येतात, तर 73 अंश 47 मिनिटं पूर्व आणि 20 अंश उत्तर असं भरा.

हे सगळं झालं की तारे निवडा. डिसेंबरमध्ये रात्री आठ-साडेआठला पूर्वेला रोहिणी म्हणजे अल्डेबरान आणि नैऋत्येला एकटाच चमकणारा फोमलहाट म्हणजे मीनास्य, ही जोडी मला फार आवडते, दोघं एकमेकांपासून लांब आहेत आणि आसपास गोंधळात टाकणारं फारसं काही नाही. अगदी डोक्यावरचा तारा घेऊ नका. आणि दुसरा तारा दुर्बिणीच्या टप्प्यात आला नाही तर जवळचा कुठलातरी धरायचा नाही, अजिबात नाही, त्यापेक्षा सगळं बंद करून पहिल्यापासून करा. हे दोन-चार ठळक तारे तेवढे नुसत्या डोळ्यांनी ओळखता यायला हवेत, ते काम कॉम्प्युटर तुमच्यासाठी करत नाही.

प्रश्न : माझं अलाइनमेंट सक्सेस होतं पण वस्तू कायम कडेला येते, 9 एमएमच्या आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) तर सापडतच नाही.
– एक वाचक, सांगली

उत्तर : तारा मध्ये आणताना शेवटची हालचाल फक्त वरच्या आणि उजव्या बाणाने करा. गिअरमध्ये थोडी ढील असते, दुर्बीण स्वतः वस्तूकडे जाताना शेवटी त्याच दिशांनी येते, तुम्ही उलट्या बाजूने आणलंत की तेवढा फरक कायमचा बसतो. पुढे गेलात तर मागे या आणि परत वर-उजवीकडून आणा. आधी 25 एमएमचा आयपीस लावून शोधा, मग 9 एमएम लावून अगदी मधोमध करा. 650 एमएम फोकल लेंग्थच्या दुर्बिणीवर 25 एमएमने 26 पट दिसतं आणि 9 एमएमने 72 पट, त्यामुळे तिथे चूक लपत नाही. लाल ठिपक्याचा फाइंडर म्हणजे नेम धरायचं छोटं साधन दिवसाउजेडी लांबच्या मोबाइल टॉवरवर जुळवून ठेवा, सूर्याच्या दिशेला मात्र दुर्बीण चुकूनही नको. आणि सेल बघा! 8 पेन्सिल सेल भराभर उतरतात आणि ते उतरायला लागले की दुर्बीण वेड्यासारखी फिरते, लोक दोष अलाइनमेंटला देतात. 12 व्होल्टचा पॉवर पॅक घ्या, मी तरी पहिला खर्च तोच करायला सांगेन.

प्रश्न : ठाण्यात फ्लॅटच्या बाल्कनीतून फक्त दक्षिणेचं आकाश दिसतं, ध्रुवतारा दिसत नाही. जमेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : जमेल की. तुमच्या दुर्बिणीला ध्रुव लागतच नाही, तो विषुववृत्तीय माउंटवाल्यांचा विषय, त्यांना स्टँडचा अक्ष ध्रुवाकडे जुळवावा लागतो. दिसणाऱ्या भागातले दोन तारे मिळाले तर उत्तमच, नाहीतर 'सोलर सिस्टिम अलाइन' घेऊन गुरू किंवा चंद्र धरा, त्याच्या आसपासचं बरंच नीट सापडतं. फक्त इथे वेळ आणि तारीख अचूकच हवी, कारण चंद्र तासाला साधारण अर्धा अंश ताऱ्यांमधून सरकत असतो. एकदा मोकळं आकाश हवंसं वाटलं तर खगोल मंडळ या हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्थेच्या वांगणीच्या आकाशदर्शनाच्या रात्रींना जाऊन बघा, पुण्याकडे असाल तर 1944 पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था ही तशीच संस्था आहे. आपली दुर्बीण नेता येईल का ते आधी विचारून घ्या, शेजारी कोणी जाणकार उभा असला की हँडसेटची भीती एका रात्रीत जाते.