रक्त कधी काढले?

कोल्हापूर

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

काल रंकाळ्यावर तू विचारलेस की तुझ्या प्रबंधात न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तराची, म्हणजे रक्तातल्या या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या प्रमाणाची, चढे कोणते हे ठरवणारी सीमा २.५ वर ठेवावी की ३ वर, कारण एका आकड्याने केमोथेरपीच्या प्रतिसादातला फरक दिसतो आणि दुसऱ्याने तो नाहीसा होतो. मी गप्प राहिलो, कारण मला आधी वेगळेच विचारायचे होते: रक्त कधी काढले?

जठराच्या कर्करोगात फ्लॉट या एकत्रित केमोथेरपीची ४ आवर्तने शस्त्रक्रियेपूर्वी आणि ४ नंतर देतात, आणि त्यातल्या डोसेटॅक्सेल या औषधासाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिले जाते. त्या स्टेरॉइडने न्यूट्रोफिल चढतात, लिम्फोसाइट उतरतात. समज, आधी ४८०० आणि २००० होते, म्हणजे गुणोत्तर २.४, डोसनंतर ७२०० आणि १२०० झाले, म्हणजे थेट ६. रुग्ण तोच, गाठही तीच. पांढऱ्या पेशी वाढवणारे फिल्ग्रास्टिमचे इंजेक्शन आणि जंतुसंसर्ग हेही न्यूट्रोफिल चढवतात. गाठीतून रक्त झिरपून शरीरातले लोह घटले की प्लेटलेट वाढतात आणि प्लेटलेट-लिम्फोसाइट गुणोत्तरही फसवते. तुझ्या तक्त्यात मात्र फक्त अहवालाची तारीख आहे. अहवालाची तारीख म्हणजे रक्त काढल्याची वेळ नव्हे, हे किती वेळा सांगायचे?

तुझ्या वयात मीही हेच केले. राधानगरी, गगनबावड्याहून पहाटेच्या एसटीने येणाऱ्यांचे रक्त कधी आल्या आल्या, तर कधी स्टेरॉइड दिल्यावर घेतले जाई. मी सगळे एकाच रकान्यात भरले आणि सुरेख निघालेला निष्कर्ष परिषदेत वाचला. पुढे केस पेपर उघडून वेळा पडताळल्या, तेव्हा चढे आकडे बहुतेक स्टेरॉइडनंतरचे निघाले. निबंध मी छापायला दिला नाही. वरिष्ठ दुखावले, माझी बढती लांबली. न छापण्यात मी चुकलो असे आजही मला वाटत नाही. पडताळण्याआधी वाचला, ही सल मात्र जात नाही.

सीमेचा प्रश्न त्यानंतरचा. ती निकाल पाहून निवडू नकोस, आधी ठरवून लिहून ठेव. शिवाय गुणोत्तर चढे असलेल्यांचे आयुर्मान एकूणच कमी आढळते; तेवढ्यावरून औषध कोणाला लागू पडेल हे कळत नाही. त्यासाठी शस्त्रक्रियेत काढलेल्या जठरात गाठ किती विरली, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेले हवे.

सोमवारी सगळे केस पेपर आणि नर्सिंग चार्ट घेऊन ये. ज्यांची वेळ सापडणार नाही, त्यांना वगळ आणि किती वगळले ते प्रबंधात लिही. संख्या घटेल, घटू दे. मी शेजारी बसून एकेक वेळ वाचून दाखवीन.