बडोद्यात आमची सर्व जातिधर्मांना खुली साप्ताहिक उपासना आहे, पण तेच ते चेहरे येतात. मंडळी कशी वाढवावी?

आधी आलेल्यांना काम द्या. नुसता सतरंजीवर बसून गेलेला माणूस फार दिवस टिकत नाही. कुणाला पद म्हणायला सांगा, कुणाला पेटीवर बसवा. मुख्य म्हणजे प्रवचन एकाच काकांच्या ताब्यात ठेवू नका (काका रागावतील, रागावू द्या). १८६७ साली मुंबईत निघालेल्या प्रार्थना समाजात न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशी नोकरीतली, संसारी मंडळीच उपासना चालवत.

तुकोबांच्या जोडीला नरसी मेहताही घ्या, म्हणजे गुजराती शेजारी आणि घरातल्या सुनाही येतील. तरुणांना हिशोब आणि मदतकार्य सोपवा, आणि मग त्यात लुडबुड करू नका. नवरात्रात मात्र सरळ सुट्टी द्या. गरब्यापुढे कुणाचंच चालत नाही.