पाइनच्या राळेतून झालेलं खनिज

प्रश्न : जर्मनीतल्या एका संग्रहालयात पाइनच्या जुनाट लाकडावर मेणासारखे पांढरे पापुद्रे पाहिले. पाटीवर लिहिलं होतं, ‘फिख्टेलाइट, खनिज’. खनिज असेंद्रिय असतं ना? आणि आपल्या सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म लाकूड आहे, त्यात हे सापडेल का?
– एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : रसायनशास्त्र शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली, म्हणून हा प्रश्न वाचून फार आनंद झाला. फिख्टेलाइट हे पक्कं खनिज आहे. पदार्थ भूगर्भीय घडामोडींतून बनलेला हवा, त्याची रासायनिक घडण ठरलेली हवी आणि सहसा तो स्फटिकरूप हवा. सेंद्रिय असायला हरकत नाही. अशा खनिजांचा वेगळा वर्गच केलेला आहे. अंबर, म्हणजे झाडाच्या राळेचा जीवाश्म, मात्र त्यात बसत नाही. त्याला ना ठरलेलं सूत्र, ना स्फटिक.

बव्हेरियात फिख्टेलगेबिर्ग नावाचे डोंगर आहेत. तिथल्या रेडविट्स गावाजवळ पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, दलदलीत पाइनची खोडं गाडली गेली होती. त्यांतल्या या खनिजाचं वर्णन १८४१ साली झालं. पाइनच्या राळेत अबिएटिक आम्ल असतं, त्याच्या रेणूत २० कार्बन. पीटमध्ये हवा पोचत नाही, त्यामुळे लाकूड टिकतं, पण आतली राळ सावकाश बदलत राहते. आम्लाचा कार्बॉक्सिल गट (एक कार्बन, दोन ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन) गळून पडतो, दुहेरी बंधांच्या जागी हायड्रोजन येऊन बसतो आणि १९ कार्बन, ३४ हायड्रोजनचं फिख्टेलाइट तयार होतं. त्याच राळेचा काही भाग उलट हायड्रोजन गमावतो. त्याचं होतं रेटीन : १८ कार्बन, १८ हायड्रोजन. एकाच झाडाची राळ दोन विरुद्ध दिशांना गेलेली! मला तरी यात निसर्गाची प्रयोगशाळा दिसते. ऑस्ट्रियातल्या लिग्नाइटमधलं (तपकिरी कोळशातलं) हार्टाइट हे खनिजही याच गोत्रातलं.

फिख्टेलाइट इतकं मऊ की नखानं ओरखडा उठतो, आणि सुमारे ४६ अंशांना ते वितळतं. म्हणजे तुमच्या चंद्रपूरच्या मे महिन्यात नमुना उघड्यावर ठेवलात तर लाकडातच जिरून जाईल.

वडधमला ते शोधू नका. तिथली झाडं ज्युरासिक काळातली, आणि त्यांच्या पेशींत सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) भरून लाकडाचा दगड झालेला आहे. ती झाडं पाहायला मात्र जरूर जा, तुकडा उचलू नका. जर्मनीला पुन्हा गेलात तर भिंग न्या आणि खोडाच्या वर्षवलयांमधल्या बारीक फटी बघा. पापुद्रे बहुधा तिथेच असतात.