वडिलांच्या मांडीतली गाठ दुखत नाही, तरी एमआरआय कशाला? डायरेक्ट काढून टाकली तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की वडील ५८ वर्षांचे आहेत, मांडीत गाठ आहे, अजिबात दुखत नाही, सोनोग्राफीत ७ सेंमीची निघाली आणि रिपोर्टच्या शेवटी 'स्नायूच्या आत आहे, एमआरआय करावा' असं लिहून आलं, पण ओळखीचे डॉक्टर म्हणतायत चरबीची गाठ आहे, अर्ध्या तासात काढून टाकू, एमआरआयचे पैसे कशाला घालवता. मी रेडिओलॉजिस्ट आहे, अशा गाठींच्या सोनोग्राफी करणं आणि एमआरआय वाचणं हे माझं रोजचं काम, म्हणून आधी सरळ उत्तर देतो: एमआरआय करा, आणि तो होईपर्यंत त्या गाठीला कोणालाही ब्लेड लावू देऊ नका. सुईसुद्धा नको.

दुखत नाही म्हणजे साधीच असणार, हा समज घरोघरी आहे आणि तोच मला सगळ्यात जास्त छळतो. स्नायू, चरबी वगैरे मऊ भागातला कॅन्सर, म्हणजे सार्कोमा, तो बहुतेक वेळा दुखतच नाही, नुसता वाढत राहतो, माणूस चालतोय-फिरतोय, जेवतोय, वजन उतरलेलं नाही, मग घरचेही म्हणतात बघू दिवाळीनंतर. दुसरं एक नेहमी ऐकायला मिळतं, 'तिथे मागे मार लागला होता'. मार लागून साकळलेलं रक्त काही आठवड्यांत कमी व्हायला लागतं. ते कमी न होता वाढत असेल तर त्याला साकळलेलं रक्त म्हणून सोडून देऊ नये.

आता घाबरू नका, कारण अंगावरच्या गाठी बहुतेक साध्याच निघतात आणि त्यातल्या बऱ्याच नुसत्या सोनोग्राफीत कळतात. त्वचेखालची चरबीची गाठ लांबट असते, त्वचेला समांतर, आत बारीक रेषा, सोनोग्राफीच्या प्रोबने दाबली की दबते, डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारा मोड) लावला तर रक्तप्रवाह जवळजवळ नसतो. मनगटावरचा गँगलियन, म्हणजे सांध्याजवळची द्रवाची गाठ, पाण्याच्या फुग्यासारखा काळा दिसतो आणि त्याचं सांध्याकडे जाणारं शेपूट सापडतं. कधी कधी स्नायूत छोटी पाण्याची पिशवी आणि तिच्या कडेला एक पांढरा ठिपका दिसतो, तो पट्टकृमीच्या अळीचा असतो, आपल्याकडे हे दिसतं आणि त्यावर सहसा औषधंच देतात, ऑपरेशन लागत नाही. अशा छोट्या, वरच्या, स्पष्ट गाठींना एमआरआय सांगणं मलाही पटत नाही.

तुमच्या वडिलांचं वेगळं आहे ते दोन गोष्टींमुळे. एक साइझ. ५ सेंमीच्या वर, म्हणजे मोठ्या लिंबापेक्षा मोठी गाठ, संशयाने बघायची हा जगभरचा नियम आहे. दुसरी खोली. स्नायूंवर एक पांढरं चिवट आवरण असतं, फॅशिया म्हणतात त्याला, गाठ त्याच्या वर आहे की खाली हे सोनोग्राफीत दिसतं आणि खाली असली की हिशोबच बदलतो. इतक्या खोल, मोठ्या गाठीत सोनोग्राफीला पुरेसं दिसत नाही, मांडीची मुख्य रक्तवाहिनी आणि मज्जातंतू किती जवळ आहे, गाठ किती लांब पसरलीय, हे नीट सांगता येत नाही. शिवाय काही सार्कोमा आतून चिकट, जेलीसारखे असतात आणि 'पाणी भरलंय' असा भास देतात.

आणि खरं सांगू का, ती चरबीची गाठ असेल तर ते सिद्ध करणारी तपासणीसुद्धा एमआरआयच आहे. त्यात चरबीचा सिग्नल मुद्दाम दाबणारा एक सिक्वेन्स, म्हणजे फोटो काढायची एक पद्धत, असते. त्वचेखालची चरबी जशी काळी पडते तशीच अख्खी गाठ काळी पडली तर डॉक्टरांचं म्हणणं बरोबर ठरलं, ऑपरेशन निवांत करा. पण आत २ मिमीपेक्षा जाड पडदे दिसले किंवा काही भाग काळा पडलाच नाही, तर आधी बायोप्सी, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणं.

न बघता काढली आणि नंतर पॅथॉलॉजीत सार्कोमा आला तर काय होतं ते मी फिल्मवर बघतो. आजूबाजूच्या स्नायूत रक्त पसरलेलं, कडेला गाठीचा अंश राहिलेला, चीर आडवी घेतलेली. मग दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा खूप मोठं करावं लागतं, जास्त स्नायू जातो, कधी दुसरीकडची कातडी आणून लावावी लागते, रेडिएशनचा भागही वाढतो. पहिल्यांदाच नीट काढायची संधी परत मिळत नाही हो.

सुई नको म्हटलं तेही यासाठीच, आधी टोचलं की रक्त आणि सूज एमआरआयमध्ये गोंधळ घालते. नंतर बायोप्सी लागली तर सार्कोमाच्या संशयात बारीक सुईने पेशी काढून करायची एफएनएसी सहसा पुरत नाही, जाड सुईने तुकडा घेतात, आणि सुई कुठून घालायची हे जो सर्जन पुढे ऑपरेशन करणार त्यानेच ठरवायला हवं, कारण तो मार्गही ऑपरेशनमध्ये काढून टाकायचा असतो. त्यामुळे संशय आलाच तर बायोप्सीच्या आधीच कॅन्सर सेंटर गाठा, परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये हाडं आणि मऊ भागांच्या कॅन्सरसाठी वेगळी टीम आहे.

एमआरआयला जायच्या आधी वडिलांचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करून घ्या, कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटो स्पष्ट यावेत म्हणून शिरेतून द्यायचं औषध, देताना विचारतात. पेसमेकर किंवा अंगात कुठे धातू असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. अर्धा-पाऊण तास न हलता पडून राहायचं असतं, मशीनचा आवाज खूप असतो, रेडिएशन मात्र अजिबात नसतं. खर्चाचा प्रश्न असेल तर जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात चौकशी करा, बाहेरच्यापेक्षा बराच कमी पडतो, फक्त नंबर लागायला वेळ जातो, तेव्हा सोनोग्राफीचा रिपोर्ट दाखवून लवकरची तारीख मागा. मांडीचा साधा एक्सरेही काढून ठेवा, स्वस्त आहे आणि गाठीत चुना (कॅल्शियम) साठलेला असेल तर तो त्यात पटकन दिसतो. रिपोर्टसोबत सीडी मागून घ्या, सर्जन फोटो स्वतः बघतात.