९/११ ला मदतीला गेलेल्या अमेरिकेतल्या फायर ब्रिगेडवाल्यांना आयुष्यभर फुकट उपचार मिळतात का?

हो, पण सगळ्याच आजारांवर नाही. न्यूयॉर्कचे टॉवर कोसळल्यावर उडालेल्या धुळीमुळे किंवा त्या हल्ल्यामुळे झालाय असं डॉक्टरी तपासणीत मान्य झालेला आजार असेल तरच, म्हणजे दमा, सायनस, काही कॅन्सर वगैरे. आणि आधी नाव नोंदवावं लागतं, आपोआप काही होत नाही.

हे उपचार ज्या कायद्याने मिळतात त्याचं नाव झाड्रोगा अ‍ॅक्ट, ढिगाऱ्यावर काम केलेला न्यूयॉर्कचा पोलीस जेम्स झाड्रोगा २००६ मध्ये वारला त्याच्या नावाने. ओबामांनी सही केली २ जानेवारी २०११ ला, म्हणजे घटनेनंतर नऊ वर्षं उलटून गेल्यावर! तेव्हा पैसे पाचच वर्षांचे दिलेले आणि कॅन्सर तर यादीतच नव्हता, तो आला २०१२ मध्ये. मग २०१५ ला मुदत थेट २०९० पर्यंत वाढवली, म्हणून लोक आयुष्यभर म्हणतात.

२०१९ ला तो कॉमेडियन जॉन स्टुअर्ट संसदेत खासदारांवर भडकला होता ना, ते मात्र नुकसानभरपाईच्या फंडासाठी होतं, उपचारांच्या योजनेसाठी नाही, हे दोन्ही वेगळं आहे आणि बरेच जण इथेच गोंधळतात. अन् हो, फक्त फायर ब्रिगेड नाही, पोलीस, सफाईवाले, मलबा उचलणारे मजूर, पेंटागॉनला गेलेले, सगळे यात येतात.