कोलेस्टेरॉलचं मॉडेल करायला निघालेल्या विद्यार्थिनीस

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेली आकृती छापून घेतली आणि टेबलावर पसरून नीट पाहिली. यकृत, आतडं, पित्ताम्लं, पेशीतल्या रिसेप्टरची (रक्तातले कोलेस्टेरॉलचे कण पकडून आत घेणाऱ्या प्रथिनाची) ये-जा, एचडीएलचा (कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेणाऱ्या कणांचा) परतीचा प्रवास, रक्तवाहिनीची भिंत, सगळं आहे. मेहनत दिसते. पण प्रत्येक बाणाशेजारी एक स्थिरांक आहे, आणि ते सगळे ठरवायला तुझ्या हातात आहेत दादरच्या लॅबमधून नावं काढून मिळालेले लिपिड प्रोफाइलचे रिपोर्ट. माणशी एक रिपोर्ट, त्यात चार-पाच आकडे. एवढ्यावर हे स्थिरांक ठरणार नाहीत, सॉफ्टवेअर कितीही चांगलं असो. पत्र लिहायला बसलो ते मुख्यतः यासाठी.

आपल्या इमारतींच्या गच्चीवरची टाकी घे. पाणी अर्ध्यावर आहे एवढंच कळलं, तर पालिकेकडून किती येतंय आणि घरोघरी किती जातंय हे सांगता येत नाही. रक्तातल्या एलडीएलचंही, म्हणजे कोलेस्टेरॉल पेशींकडे नेणाऱ्या कणांचंही, तेच. हिशेब करून बघ. प्रौढ माणसाच्या शरीरात प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, साधारण ३ लिटर, म्हणजे ३० डेसिलिटर. एलडीएल डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम असेल तर रक्तात या रूपातलं कोलेस्टेरॉल झालं ३ ग्रॅम. त्यातला जवळपास एक तृतीयांश रोज उचलला जातो, बहुतांशी यकृताकडून. म्हणजे दिवसाला सुमारे १ ग्रॅम बाहेर, आणि पातळी स्थिर असेल तर तेवढंच आत. आता एखाद्याच्या रिपोर्टवर २०० आलं. त्याच्या शरीरात निर्मिती दुप्पट झाली की उचल निम्म्यावर आली? पातळी म्हणजे निर्मिती भागिले उचलीचा दर, आणि रिपोर्टवर नुसता भागाकार छापून येतो.

ही दोन्ही वेगळी काढायची तर खूण लावलेलं कोलेस्टेरॉल रक्तात सोडून ते कसं ओसरतं ते पाहावं लागतं. कोलंबिया विद्यापीठात गुडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केलं. १९६८ साली त्यांनी दाखवलं की ओसरण्याचा वक्र समजावून घ्यायला दोन साठे पुरतात. पुढे तेच मोजमाप बरेच महिने चालू ठेवल्यावर तिसरा, फार हळू बदलणारा साठा मानावा लागला आणि १९७३ मध्ये तीन साठ्यांचं मॉडेल आलं. शरीराच्या आत काय काय आहे हे त्यांनाही ठाऊक होतंच. पण मोजमापाने भाग पाडल्याशिवाय त्यांनी एकही चौकोन वाढवला नाही. मला हे काम फार आवडतं ते या शिस्तीसाठी. तुझ्या आकृतीतला प्रत्येक चौकोन घेऊन विचार: हा काढून टाकला तर मॉडेलचं कोणतं भाकीत चुकेल? उत्तर नसेल तर तो सध्या बाजूला ठेव.

आता नियमन, तुझ्या विषयाचा गाभा. इथे घाई करू नकोस. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी कौटुंबिक हायपरकोलेस्टेरोलेमियाच्या (घराण्यात चालत आलेल्या चढ्या कोलेस्टेरॉलच्या) रुग्णांच्या पेशी वाढवून एलडीएलचा रिसेप्टर शोधला, त्यासाठी त्यांना १९८५ चं नोबेल मिळालं. ज्यांना आईवडिलांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आलं, त्यांच्यात चालणारे रिसेप्टर निम्मे, आणि एलडीएल जन्मापासून दुपटीच्या घरात. वरचा भागाकार निसर्गानेच करून दाखवला म्हण. पेशी आपलं कोलेस्टेरॉल कशी जोखते हेही पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेत उलगडलं. एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम या पेशीच्या आतल्या जाळ्याच्या पडद्यातलं कोलेस्टेरॉल तिथल्या एकूण लिपिडांच्या सुमारे ५ टक्क्यांखाली गेलं की एसआरईबीपी-२ हे प्रथिन तिथून हलतं, पेशीतल्याच गॉल्जी नावाच्या भागात कापलं जातं आणि केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतं. ५ टक्क्यांच्या वर ते जवळपास जागचं हलत नाही. तू इथे सरळ रेषेचं पद घातलं आहेस. त्याने भागणार नाही, उंबरठ्यापाशी एकदम उसळणारा वक्र हवा.

ही चालू होणारी जनुकं कोणती ते बघ. एलडीएल रिसेप्टरचं आहे, कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या एचएमजी-कोए रिडक्टेजचं आहे, आणि पीसीएसके-९ चंही आहे, जे रिसेप्टरला नष्ट होण्याकडे नेतं. म्हणजे एकाच हुकमाने उचलही वाढते आणि उचलीला लगामही बसतो. स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध रिडक्टेजला अडवतं, यकृताच्या पेशीत कोलेस्टेरॉल कमी पडतं, रिसेप्टर वाढतात आणि रक्तातलं एलडीएल उतरतं. पण डोस दुप्पट केला तर एलडीएल आणखी जेमतेम ६ टक्के उतरतं, हे डॉक्टरांना रोजच्या अनुभवाने माहीत आहे. तुझ्या मॉडेलची पहिली परीक्षा हीच ठेव. डोस दुप्पट केल्यावर परिणामही दुपटीच्या आसपास येत असेल, तर उलट दाब देणारी वाट तुझ्याकडून सुटली आहे. दुसरी परीक्षा एझेटिमिब या औषधाची. ते आतड्यातलं शोषण अडवतं, यकृत त्याची भरपाई म्हणून निर्मिती वाढवतं, तरी एलडीएल १५ ते २० टक्के उतरतं. दोन्ही परीक्षांत एकाच स्थिरांकांच्या संचाने पास व्हायचं. प्रत्येक औषधाला वेगळे स्थिरांक लावलेस तर ते मॉडेल राहत नाही.

आहाराचा बाण तू सगळ्यात जाड काढलास, तोही तपासून घे. १९१३ मध्ये अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत थर आणून दाखवले. उंदरांना तेच दिलं तर तसं होत नाही, कारण ते जादाचं कोलेस्टेरॉल पित्ताम्लांत बदलून बाहेर टाकतात. माणूस दिवसाला जेवढं खातो त्याच्या दुपटी-तिपटीने स्वतः बनवतो आणि खाण्याप्रमाणे बनवणं कमीजास्त करतो.

हृदयविकाराचा भाग वेगळा ठेव. रिसेप्टर पेशीत जाऊन परत यायला दहा-बारा मिनिटं घेतो, एलडीएलचा कण रक्तात दोन-तीन दिवस राहतो, आणि धमनीच्या भिंतीत प्लाक, म्हणजे तो थर, साचायला दशकं लागतात. हे सगळं एकाच समीकरणसंचात कोंबलंस तर संगणक रात्रभर फिरेल आणि सकाळी निरर्थक आकडे देईल. जलद भाग स्थिर झाला असं धर, आणि प्लाकसाठी एलडीएलची वर्षानुवर्षांची बेरीज घे. काळ किती महत्त्वाचा ते दोन आकड्यांत दिसतं. पीसीएसके-९ च्या जनुकाची एक प्रत जन्मतःच निकामी असलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकनांत एलडीएल २८ टक्के कमी, म्हणजे ४० मिलिग्रॅमच्या आसपास कमी होतं, आणि २००६ च्या अभ्यासात त्यांच्यात हृदयविकार ८८ टक्के कमी आढळला. स्टॅटिनच्या चाचण्यांत साधारण तेवढंच एलडीएल चार-पाच वर्षं उतरवलं तर हृदयविकाराचे झटके, पक्षाघात वगैरे घटना सुमारे २२ टक्क्यांनी घटतात. ८८ हा आकडा मोजक्या माणसांवर उभा आहे, त्यामुळे तो तंतोतंत गाठायचा हट्ट नको. दिशा मात्र पक्की आहे.

एचडीएल वाढलं की प्लाक कमी, हा बाण काढून टाक. एचडीएल जास्त असलेल्यांत आजार कमी दिसतो हे खरं. पण टॉर्सेट्रापिब या औषधाने एचडीएल भरपूर वाढवलं आणि मृत्यू वाढले, म्हणून डिसेंबर २००६ मध्ये त्याची चाचणी थांबवावी लागली. सोबत दिसणं आणि कारण असणं यांतला फरक इथे माणसांच्या जिवावर बेतला.

लॅबला एक प्रश्न आजच विचारून घे: एलडीएल थेट मोजलं की सूत्राने काढलं? फ्रीडवाल्ड यांचं १९७२ चं सूत्र एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करतं, आणि ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की ते वापरायचं नसतं. आपल्या लोकांत ट्रायग्लिसराइड चढं असणं नेहमीचं. सूत्राने काढलेलं एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड यांचा संबंध तू शोधायला गेलीस, तर तुला सापडेल त्यातलं काही ते सूत्रच असेल.

तुझ्या बाबांच्या अँजिओप्लास्टीनंतर तू हा विषय निवडलास हे मला माहीत आहे. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा लवकर येतो. मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात मध्यम वय ५३ निघालं, बाकीच्यांत ५९ च्या आसपास. तू घेतलेले बहुतेक स्थिरांक अमेरिका-युरोपातल्या माणसांचे आहेत, आणि आपल्या शहरातल्या माणसांसाठी ते पुन्हा मोजणं हे खरोखर मोलाचं काम आहे, तुझ्या वयाच्या कुणीतरी हाती घ्यावं असं. पण बाबांच्या गोळीचा डोस त्यांचे डॉक्टर ठरवतील. तुझ्या मॉडेलमधून निघालेला आकडा घरात बोलूनही दाखवू नकोस.

तूर्त दोनच समीकरणं लिही: एक रक्तातल्या एलडीएलचं, एक यकृताच्या पेशीतल्या कोलेस्टेरॉलचं, मध्ये तो उंबरठ्याचा वक्र. स्टॅटिनचा डोस दुप्पट करून काय येतं तो आलेख काढ आणि रविवारपर्यंत मला पाठव, चुकलेला असला तरी पाठव. मग एक दिवस परळला एखाद्या हृदयरोग ओपीडीत तुला बसू देतील का, ते मी ओळखीच्या डॉक्टरांना विचारतो.

तुझा,
सर